लिनक्स टाकताना गाडी अडते कुठं? पेनड्राइव्हपासून पहिल्या अपडेटपर्यंत

"सर, तीनदा टाकलं, तीनदा फेल गेलं."

औशाहून, अहमदपूरहून, कधी पार किनवटहून फोन येतो आणि सुरुवात हीच असते. मी विचारतो, "कुठं अडलं?" उत्तर येतं, "टाकतानाच." म्हणजे कुठं, ते त्यांना सांगता येत नाही. पडद्यावर काय लिहून आलं होतं ते वाचलेलं नसतं आणि प्रत्येक वेळी पेनड्राइव्ह नव्यानं बनवून तेच सगळं पुन्हा केलेलं असतं. चूक जिथं होती तिथंच राहते आणि फक्त संध्याकाळ जाते.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा संपला. त्यानंतर जुन्या लॅपटॉपवर लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी किंवा त्याच्या शेजारी चालणारी दुसरी प्रणाली, टाकून बघणारे वाढलेत. अडचणी मात्र त्याच त्या आहेत, आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त इन्स्टॉलचं बटण दाबायच्या आधीच्या आहेत. म्हणून खाली तयारीवर जागा जास्त गेली आहे.

उदाहरणं लिनक्स मिंट २२ च्या एक्सएफसीई या हलक्या आवृत्तीची आहेत. उबुंटू या लिनक्सच्या दुसऱ्या प्रकारात पडदे थोडे वेगळे दिसतात, क्रम बहुतेक तोच. टर्मिनलमध्ये (हुकूम टाइप करायच्या खिडकीत) किंवा इतर कुठं टाइप करायचं जिथं आहे तिथं अक्षरं सुटी करून सांगितली आहेत. ती छोट्या इंग्रजी लिपीत, मधल्या रेघा सोडून, जोडून टाइप करायची.

सुरू करण्याआधी एक वही घ्या. मोबाइलमधली नोंद चालणार नाही, कारण पुढं तोच मोबाइल इंटरनेटसाठी केबलनं जोडलेला असेल. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि ती लिहायची. बायोसमधल्या (यंत्र चालू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या मूळ सेटिंगमधल्या) तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि चाललं, तर कशानं चाललं ते कळत नाही. चाललं नाही, तर परत कुठं जायचं तेही कळत नाही.

## १. विंडोज चालू असतानाच करायची कामं

यंत्र बघा. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा, खिडकी उघडेल. तिथं एम-एस-आय-एन-एफ-ओ-३-२ टाइप करून एंटर मारा. यंत्राची माहिती येईल. तिच्यात 'बायोस मोड' अशी ओळ आहे. तिच्यापुढं यूईएफआय (यंत्र सुरू व्हायची नवी पद्धत) लिहिलंय की लेगसी (जुनी), ते वहीत पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा. या एका शब्दावर पुढच्या चार पायऱ्या अवलंबून आहेत, आणि नेमका हाच शब्द कुणी बघत नाही.

त्याच पानावर प्रोसेसरचं नाव आणि रॅम लिहा. मिंट एक्सएफसीईला २ जीबी रॅम किमान लागते. सुखानं चालायला ४ हवी. ३२-बिट यंत्रावर मिंट २२ किंवा आजचं उबुंटू बसतच नाही. पण जुनं विंडोज ७ '३२-बिट' दाखवतं म्हणून यंत्रही ३२-बिटच असेल असं नाही. दुकानदारानं तेव्हा हाताशी असलेली सीडी टाकलेली असते. कोअर टू ड्युओपासून पुढचे सगळे इंटेल कोअर प्रोसेसर ६४-बिट आहेत. शंका असेल तर प्रोसेसरच्या नावावरून खात्री करा, विंडोजच्या सांगण्यावरून नको.

काय चालणार नाही, ते आधी ठरवा. टॅली विंडोजचं आहे. सेवा केंद्राच्या यंत्रावर अंगठ्याचा ठसा घेणारं उपकरण किंवा डिजिटल सहीचा टोकन लावत असाल, तर त्याचं लिनक्ससाठीचं सॉफ्टवेअर आहे का ते आधी शोधा. ते नसेल तर त्या यंत्राला हात लावू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी उताऱ्यासाठी माणसं दारात उभी असतात.

बॅकअप. "डी ड्राइव्हला ठेवलंय सगळं." हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. बहुतेक लॅपटॉपांत सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात. पूर्ण डिस्क पुसायचा पर्याय चुकून निवडला गेला, तर दोन्ही एकाच मिनिटात जातात. बॅकअप म्हणजे केबल काढून कपाटात ठेवता येईल अशा दुसऱ्या वस्तूवर. तिथून दोन-चार फायली उघडून बघा. नुसत्या कॉपी झाल्याचं दिसलं म्हणून भागत नाही.

बिटलॉकर. विंडोज १० किंवा ११ घेऊन आलेल्या बऱ्याच लॅपटॉपांत डिस्कला कुलूप आपोआप लागलेलं असतं आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो. सेटिंग्जमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन बघा. चालू असेल तर ४८ आकड्यांची रिकव्हरी की वहीत उतरवा किंवा कुलूप काढून टाका. काढायला वेळ लागतो, पूर्ण होईपर्यंत थांबा. हे न करता बायोसमध्ये बदल केला, तर विंडोज पुढच्या वेळी तीच की मागतं.

फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असेल तर 'शट डाउन' केल्यावरही विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं आणि डिस्क आपल्या ताब्यात ठेवतं. मग लिनक्समधून सी ड्राइव्ह फक्त वाचता येतो, लिहिता येत नाही, किंवा इन्स्टॉलर त्याला हात लावायलाच नकार देतो. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स उघडून पॉवर बटणाच्या सेटिंगमध्ये ही खूण काढा.

जागा मोकळी करा, विंडोजमधूनच. डिस्क मॅनेजमेंट उघडा, सी वर उजवी क्लिक, 'श्रिंक व्हॉल्यूम'. ५० जीबी हवी असेल तर ५१२०० टाका. मोकळी झालेली जागा काळ्या पट्टीनं 'अनअलोकेटेड' म्हणून दिसेल. ती तशीच सोडा. हमखास चूक इथंच होते: माणूस त्या जागेचा नवा ई ड्राइव्ह करून फॉरमॅट मारतो, आणि मग इन्स्टॉलरला मोकळी जागा सापडत नाही.

इन्स्टॉलरही विंडोजचा कप्पा लहान करू शकतो, मग हे विंडोजमधून कशाला? कारण कप्पा लहान होत असताना लाइट गेली तर विंडोजही जातं आणि फायलीही जातात. हे काम आधीच उरकलेलं असलं, तर पुढं लाइट गेल्यावर फक्त लिनक्सचा कप्पा अर्धवट राहतो. तो पुसून पुन्हा करता येतो.

> तपासा: वहीत बायोस मोड, प्रोसेसर, रॅम आणि रिकव्हरी की लिहिली? बॅकअपची डिस्क यंत्रापासून काढून ठेवली? मगच पुढं.

## २. फाइल आणि पेनड्राइव्ह

मिंटची फाइल जवळपास ३ जीबीची आहे. रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकवर ती एका दमात उतरत नाही. ब्राउझरमध्ये तुटली की काही वेळा पूर्ण उतरल्यासारखी दिसते, पण आत अर्धवट असते. टोरंटनं (फाइल तुकड्या-तुकड्यांनी उतरवायच्या पद्धतीनं) उतरवा. दोन दिवस लागले तरी चालेल, कारण जिथं थांबली तिथून पुढं चालू होते आणि प्रत्येक तुकडा तपासला जातो.

तरीही एसएचए-२५६ ची बेरीज (फाइलच्या मजकुरावरून निघणारी तिची खूण) जुळवा. विंडोजमध्ये सेव्हन-झिप टाकलेलं असेल तर फाइलवर उजवी क्लिक करून सीआरसी एसएचए या मेन्यूत ती मिळते. ६४ अक्षरांची ओळ येईल. संकेतस्थळावर दिलेल्या ओळीशी ती पूर्ण जुळली पाहिजे. एकही अक्षर वेगळं असेल तर फाइल टाकून द्या. या दोन मिनिटांच्या कामाचा कंटाळा करून लोक पुढं दोन दिवस घालवतात.

पेनड्राइव्ह किमान ८ जीबीचा घ्या. बाजारात स्वस्तात मिळणारे ६४ आणि १२८ जीबीचे काही पेनड्राइव्ह आतून खूप लहान असतात. लिहिताना काही बोलत नाहीत, वाचताना रडतात. जुना, छोटा, ओळखीचा पेनड्राइव्ह बरा.

पेनड्राइव्हवर फाइल नुसती कॉपी-पेस्ट करून चालत नाही. विंडोजमध्ये रूफस हा पेनड्राइव्ह बनवायचा प्रोग्राम वापरा. त्यात 'पार्टिशन स्कीम'चा, म्हणजे कप्प्यांच्या नोंदीच्या पद्धतीचा, रकाना आहे. वहीत यूईएफआय लिहिलं असेल तर जीपीटी निवडा, लेगसी असेल तर एमबीआर. लिहून झाल्यावर 'सेफली रिमूव्ह' करूनच काढा.

## ३. पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू होत नाही

यंत्र पूर्ण बंद करा. पेनड्राइव्ह लावा. डेस्कटॉप असेल तर मागच्या खाचेत लावा, कारण पुढच्या खाचांच्या वायरी बऱ्याचदा सैल असतात. चालू करताच बूट मेन्यूचं बटण टकटक दाबत राहा:

- एचपी: एस्केप, मग एफ ९
- डेल: एफ १२
- लेनोवो: एफ १२, किंवा कडेच्या छिद्रातलं छोटं नोवो बटण
- एसर: एफ १२, पण हे आधी बायोसमध्ये चालू करावं लागू शकतं. एफ २ नं बायोसमध्ये जा
- आसुस लॅपटॉप: एस्केप

काही लॅपटॉपांवर एफ १२ ला आवाज किंवा उजेड कमी-जास्त करायचं काम दिलेलं असतं. तिथं एफएन धरून दाबा.

मेन्यू आला की नीट वाचा. एकच पेनड्राइव्ह बऱ्याचदा दोनदा दिसतो: एकदा पुढं 'यूईएफआय' लावून, एकदा तसाच. वहीत जे लिहिलंय तेच निवडा. विंडोज यूईएफआयमध्ये बसलेलं असताना लिनक्स लेगसीत टाकलं, तर इन्स्टॉल विनातक्रार पूर्ण होतं. नंतर मात्र दोघं एका मेन्यूत येत नाहीत आणि प्रत्येक वेळी बायोसमध्ये जाऊन मोड बदलत बसावं लागतं. निलंगा तालुक्यातल्या एका शाळेतल्या संगणकाची अशीच गत होती. तिथल्या सरांनी बायोसच्या पायऱ्या कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवल्या होत्या. "असंच असतंय म्हणून वर्षभर चालवलं," म्हणाले.

'सिक्युरिटी व्हायोलेशन' किंवा 'व्हेरिफिकेशन फेल्ड' आलं तर सिक्युअर बूटनं, म्हणजे सही नसलेलं काही सुरू होऊ न देणाऱ्या बायोसमधल्या पहाऱ्यानं, अडवलंय. मिंट आणि उबुंटू एरवी सिक्युअर बूट चालू असतानाही सुरू होतात. संदेशात 'एसबॅट' हा शब्द असेल तर पेनड्राइव्हवरची आवृत्ती जुनी आहे. ऑगस्ट २०२४ मधल्या विंडोज अपडेटनं जुन्या बूटलोडरांना (यंत्र सुरू होताना प्रणाली उठवणाऱ्या प्रोग्रामांना) बंदी घातली आणि कित्येकांचे चालते पेनड्राइव्ह एका रात्रीत मुके झाले. ताजी फाइल उतरवून पेनड्राइव्ह पुन्हा बनवा. तरी अडलं तर सिक्युअर बूट बंद करा. एसरच्या बऱ्याच यंत्रांत हा पर्याय करडा दिसतो आणि बदलत नाही. तिथं आधी बायोसला सुपरवायझर पासवर्ड द्यावा लागतो, मग पर्याय उघडतो. तो पासवर्ड वहीत लिहा. हा विसरला तर नंतरचा ताप मोठा आहे.

केलेले बदल दर वेळी पुसले जात असतील, तारीखही मागं जात असेल, तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलाय. त्याचा नंबर सीआर २०३२, घड्याळाच्या दुकानातही मिळतो. शाळांमधल्या जुन्या डेस्कटॉपांत हे फार आढळतं. लाइट गेली की यंत्र सगळं विसरतं आणि दोष लिनक्सच्या माथी जातो. याच सेलपायी पुढं 'सर्टिफिकेट चुकीचं आहे' म्हणत संकेतस्थळं उघडत नाहीत, अपडेटही होत नाही. सेल आधी बदला.

## ४. सुरू झालं, पण पडदा काळा

"सर, काळं पडलंय, काहीच दिसंना." आधी पाच मिनिटं थांबा. जुना पेनड्राइव्ह आणि हळू यंत्र असेल तर तेवढा वेळ लागतो. पेनड्राइव्हवरचा दिवा लुकलुकत असेल तर काम चालू आहे.

दिवाही थांबला असेल तर बहुधा ग्राफिक्सचं भांडण आहे. बटण धरून बंद करा, पुन्हा सुरू करा. पहिल्या मेन्यूत 'कम्पॅटिबिलिटी मोड' आहे (उबुंटूत 'सेफ ग्राफिक्स'), तो घ्या. तो मेन्यूत नसेल तर पहिल्या ओळीवर थांबून 'ई' दाबा. बऱ्याच ओळी दिसतील. त्यांतली 'लिनक्स' शब्दानं सुरू होणारी ओळ शोधा. तिच्या शेवटाकडं 'क्वाएट स्प्लॅश' हे शब्द आहेत. त्यांच्यापुढं एक जागा सोडून एन-ओ-एम-ओ-डी-ई-एस-ई-टी हे सगळं जोडून लिहा आणि एफ १० दाबा.

पडदा येईल, थोडा बेढब दिसेल. चालतंय. इन्स्टॉल झाल्यावर ड्रायव्हर (तो भाग चालवणारं सॉफ्टवेअर) टाकला की सरळ होतो. मात्र हा बदल तेवढ्या वेळेपुरताच असतो. इन्स्टॉलनंतर पहिल्यांदा सुरू करताना पुन्हा काळं पडलं, तर हेच पुन्हा करायचं. इथं कच्चे गडी "परत फेल गेलं" म्हणून सगळं पुसून बसतात.

> तपासा: डेस्कटॉप दिसला की लगेच इन्स्टॉल करू नका. दहा मिनिटं पेनड्राइव्हवरूनच चालवा. वायफाय दिसतं का, आवाज येतो का, टचपॅड चालतो का, प्रिंटर लावल्यावर ओळखतो का? आता जे चालत नाही ते इन्स्टॉलनंतर आपोआप चालू होईल अशी आशा ठेवू नका. मेन्यूतलं 'डिस्क्स' उघडून हार्ड डिस्कची स्मार्ट तपासणीही (डिस्कची तब्येत सांगणारी) बघा. तिथं डिस्क मरायला टेकल्याचं लिहिलेलं असेल तर आधी डिस्क बदला.

## ५. डिस्क आणि कप्पे: सगळ्यात जास्त नुकसान इथं

इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही. फक्त पेनड्राइव्ह दिसतो, ५०० जीबीची डिस्क गायब. असं झालं तर बायोसमध्ये साठवणीचा मोड बहुधा रेड किंवा इंटेल आरएसटीवर आहे. तो एएचसीआयवर न्यायचा असतो. पण थेट बदलला तर विंडोज निळा पडदा दाखवून मरतं. क्रम असा:

1. रिकव्हरी की हाताशी आहे का, ते पुन्हा एकदा बघा.
2. विंडोजमध्ये एम-एस-सी-ओ-एन-एफ-आय-जी चालवा. बूट या पानावर 'सेफ बूट'ला खूण करा, यंत्र पुन्हा सुरू करायला सांगा.
3. सुरू होतानाच बायोसमध्ये शिरा, मोड एएचसीआय करा, जतन करा.
4. विंडोज सेफ मोडमध्ये उघडेल. उघडलं की सेफ बूटची खूण काढा आणि पुन्हा सुरू करा.
5. विंडोज नेहमीसारखं चाललं, मगच पेनड्राइव्ह लावा.

इंटेलच्या ११ व्या पिढीपासूनचे प्रोसेसर असलेल्या एसरच्या काही लॅपटॉपांत हा पर्याय लपवलेला असतो. बायोसच्या मेन पानावर कंट्रोल आणि एस दाबल्यावर व्हीएमडीची (याच मोडचं तिथलं नाव) ओळ उगवते.

आता निवड. इन्स्टॉलर साधारण तीन पर्याय देतो. पहिला 'विंडोजच्या शेजारी'. तो दिसत असेल आणि आपण जागा आधीच मोकळी करून ठेवली असेल, तर नवख्यानं तोच घ्यावा. दुसरा 'इरेज डिस्क'. हा विंडोज, डी ड्राइव्ह, लग्नाचे फोटो, सगळं नेतो. तिसरा 'समथिंग एल्स', म्हणजे कप्पे आपल्या हातानं करायचे.

पहिला पर्याय दिसतच नसेल तर घाईनं दुसऱ्यावर जाऊ नका. तो न दिसण्याची कारणं नेहमीची आहेत: पेनड्राइव्ह चुकीच्या मोडमध्ये सुरू झालाय, विंडोज अर्धवट झोपलंय, किंवा बिटलॉकर चालू आहे. तिन्ही परत जाऊन सुधारता येतात.

हातानं करत असाल तर मोकळ्या जागेवर क्लिक, अधिकचं चिन्ह, प्रकार ईएक्सटी ४ (लिनक्सच्या कप्प्याची पद्धत), माउंट पॉइंट म्हणून नुसती एक तिरकी रेघ (/). बस्स. स्वॅपसाठी (रॅम कमी पडली की वापरायच्या डिस्कवरच्या जागेसाठी) वेगळा कप्पा करायची गरज नाही, मिंट त्याची फाइल स्वतः करतं. 'नो रूट फाइल सिस्टिम' असा संदेश आला तर ती तिरकी रेघ द्यायची राहिली आहे.

यूईएफआय यंत्रात १०० एमबीच्या आसपासचा एक ईएफआय कप्पा आधीपासून असतो. तोच वापरायचा. त्याला फॉरमॅटची खूण करू नका. विंडोज सुरू करणारी फाइल त्यातच असते.

लेगसी यंत्रात वेगळीच गंमत होते: मोकळी जागा दिसते, पण तिच्यापुढं 'अनयूजेबल'. एमबीआर पद्धतीत मुख्य कप्पे चारच करता येतात आणि काही कंपन्यांचे लॅपटॉप चारही भरूनच येतात. एखादा कप्पा, बहुधा डी, रिकामा करून काढावा लागतो. मग त्या जागी एक्स्टेंडेड कप्पा करून त्याच्या पोटात लिनक्स बसतं.

खाली बूटलोडर कुठं टाकायचा ते विचारलेलं असतं, आणि तिकडं कुणी बघत नाही. तिथं यंत्राची डिस्क हवी, पेनड्राइव्ह नको. नावांचा घोळ होत असेल तर जीबीचा आकडा बघून ओळखा. बूटलोडर पेनड्राइव्हवर गेला तर यंत्र "पेनड्राइव्ह लावला तरच चालतंय" असं वागतं.

> थांबा: 'इन्स्टॉल नाऊ' दाबल्यावर एक छोटी खिडकी कोणते कप्पे बदलणार ते सांगते. ती पूर्ण वाचा. त्यात एनटीएफएस (विंडोजच्या कप्प्यांची पद्धत) फॉरमॅट होणार असं लिहिलेलं असेल तर मागं फिरा. ही शेवटची फाटक आहे.

## ६. इन्स्टॉल चालू असताना

लाइटचं बघा. एसएसडी असेल तर वीस मिनिटांत होतं, जुन्या हार्ड डिस्कवर पाऊण तास धरा. गावात लाइन जायची वेळ माहीत असते, ती टाळा. लॅपटॉपची बॅटरी मेलेली असेल तर त्याला डेस्कटॉपच समजा आणि यूपीएसवर घ्या. मधेच गेलीच, तर अर्धवट झालेला ईएक्सटी ४ चा कप्पा आधी काढून टाका आणि पाचव्या पायरीपासून सुरू करा. तसाच ठेवून पुन्हा 'शेजारी' निवडलं, तर उरलेल्या जागेतून आणखी तुकडा पडतो. मी एका डिस्कवर अशी तीन अर्धवट मिंटं शेजारी-शेजारी पाहिली आहेत.

भाषा विचारल्यावर इंग्रजी निवडा, मराठी नंतर जोडू. चूक झाल्याचा संदेश इंग्रजीत आला तर शोधता येतो, मराठीत आला तर शोधून फारसं हाती लागत नाही. कीबोर्ड इंग्रजी यूएस ठेवा. इथं मराठी कीबोर्ड निवडून पासवर्ड दिला की पुढं लॉगिनला तोच पासवर्ड चुकीचा ठरतो. नकाशावर 'कोलकाता' दिसेल. मुंबई शोधत बसू नका, भारताची वेळ तीच.

इंटरनेट हळू असेल तर इन्स्टॉल करताना जोडूच नका. शेवटी भाषेच्या फायली उतरवताना पट्टी तासभर जागची हलत नाही. जोडलेलं असेल तर तिथं 'स्किप'चं बटण येतं.

'एरर ५, इनपुट-आउटपुट' आला तर वाचण्या-लिहिण्यात खोट आहे. पेनड्राइव्ह, हार्ड डिस्क, रॅम, याच क्रमानं संशय घ्या. आधी दुसरा पेनड्राइव्ह, दुसरी खाच. मग डिस्कची स्मार्ट तपासणी. शेवटी रॅम काढून पुसून बसवा आणि पेनड्राइव्हच्या मेन्यूत मेमरी टेस्ट असेल तर ती चालवा. आपल्याकडच्या धुळीत वर्षानुवर्षं चाललेल्या डेस्कटॉपची रॅम नुसती पुसूनही काम होतं.

शेवटच्या टप्प्यात 'ग्रब (लिनक्सचा बूटलोडर) इन्स्टॉल झालं नाही' अशा अर्थाचा संदेश आला तर ईएफआय कप्पा नाही, किंवा पेनड्राइव्ह यूईएफआयमध्ये आणि डिस्क लेगसीच्या पद्धतीची आहे. वही उघडा, तिसरी पायरी पुन्हा करा.

## ७. बसलं, पण उठत नाही

थेट विंडोजच उघडतं. लिनक्स बहुतेक वेळा आत नीट बसलेलं असतं, यंत्राला फक्त त्याचा पत्ता माहीत नसतो. बायोसमध्ये बूट ऑर्डर बघा. मिंट टाकलेलं असलं तरी यादीत नाव 'उबुंटू' असं येतं, आणि इथंच पुष्कळ जण फसतात. ते वर आणा. एचपीमध्ये 'ओएस बूट मॅनेजर'च्या ओळीवर एंटर मारल्यावर आतली यादी उघडते.

थेट लिनक्सच उघडतं, विंडोज मेन्यूत नाही. घाबरू नका. बूट मेन्यूच्या बटणानं 'विंडोज बूट मॅनेजर' मिळतो का बघा. मिळाला तर विंडोज शाबूत आहे. पेनड्राइव्हवरून मिंट पुन्हा चालवा. त्याच्या मेन्यूत 'बूट रिपेअर' आहे. इंटरनेट जोडा आणि त्यातली शिफारस केलेली दुरुस्ती चालवा.

'ग्रब रेस्क्यू'. काळ्या पडद्यावर एवढेच शब्द. कुणीतरी विंडोजमधून 'हा अनोळखी कप्पा कशाचा' म्हणत लिनक्सचा कप्पा काढून टाकला की हे होतं. लिनक्स पुन्हा टाकावं लागेल. विंडोजसाठी वरचाच उपाय.

निळा पडदा, 'परफॉर्म मॉक मॅनेजमेंट'. सिक्युअर बूट चालू ठेवून वायफाय किंवा ग्राफिक्सचे ड्रायव्हर टाकले की पुढच्या वेळी हा पडदा येतो. लोक 'कंटिन्यू बूट' दाबून मोकळे होतात आणि ड्रायव्हर चालत नाही म्हणतात. 'एनरोल मॉक' निवडा, कंटिन्यू, येस, आणि इन्स्टॉल करताना जो पासवर्ड ठेवला होता तो टाका.

## ८. पहिल्या दिवशीची कामं

वायफाय दिसत नसेल तर अँड्रॉइड फोन केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग (फोनचं इंटरनेट यंत्राला देणं) चालू करा. ड्रायव्हर न टाकता इंटरनेट येतं. मग 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडून सुचवलेला ड्रायव्हर घ्या. ब्रॉडकॉमच्या चिपांना हे हमखास लागतं.

विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागं पडलं तर ते बिघडलेलं नाही. लिनक्स यंत्राच्या घड्याळात जागतिक वेळ लिहितं, विंडोज तिलाच स्थानिक वेळ समजतं. सकाळी अकराला पहाटेचे साडेपाच दिसतात. टर्मिनलमध्ये टाइमडेटसीटीएल (टी-आय-एम-ई-डी-ए-टी-ई-सी-टी-एल), एक जागा, सेट-लोकल-आरटीसी (एस-ई-टी, एल-ओ-सी-ए-एल, आर-टी-सी) या तीन शब्दांमधल्या आडव्या रेघांसह, एक जागा आणि १ एवढं दिलं की दोघांचं जमतं.

मराठीसाठी मेन्यूत 'इनपुट मेथड' आहे, तिथं मराठी निवडून सांगितलेली पॅकेजं टाका. जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेवमधल्या फायली गिचमिड दिसतील. त्या युनिकोडमध्ये नसतात, फक्त फॉन्टच्या जोरावर मराठी दिसतात. विंडोज हाताशी आहे तोवर त्या युनिकोडमध्ये बदलून घ्या.

प्रिंटरांत एचपीचे बहुतेक सहज चालतात. कार्यालयांत सगळीकडं दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० कॅप्ट नावाच्या वेगळ्या भाषेत बोलतो, त्याला निराळा ड्रायव्हर लागतो आणि वेळ जातो. परीक्षेच्या आदल्या दिवशी हे काम काढू नका.

लाइट अचानक गेल्यावर यंत्र काळ्या पडद्यावर 'इनिट-रॅम-एफएस' लिहून थांबलं, तर फाइल सिस्टिम तपासून मागतंय. वरच्या ओळींत कप्प्याचं नाव दिलेलं असतं, डेव्हच्या पुढं एसडीए २ असं काहीसं. एफ-एस-सी-के, एक जागा, तिरक्या रेघांसकट ते पूर्ण नाव टाइप करा. विचारेल त्याला 'वाय' म्हणत जा. झालं की आर-ई-बी-ओ-ओ-टी. हे महिन्यात दोनदा झालं तर यूपीएस घ्या. चारदा झालं तर डिस्क तपासा.

## ९. तरीही अडलं तर मदत मागताना

"चालत नाही" एवढ्यावर कुणालाच काही सांगता येत नाही. फोन करण्याआधी एवढं तयार ठेवा: यंत्राचा मॉडेल नंबर (लॅपटॉपच्या पोटावर असतो), वहीतला बायोस मोड, वरची कितवी पायरी, त्याआधी शेवटचं काय बदललं, आणि पडद्याचा फोटो. फोटो फ्लॅश बंद करून, समोरून, शेवटच्या दहा ओळी वाचता येतील असा काढा. परवा परळीहून आलेल्या फोटोत काचेत उमटलेला ट्यूबलाइट आणि फोटो काढणारा एवढंच दिसत होतं. दुसरा फोटो मागवला, त्यात 'एसबॅट' दिसलं आणि पेनड्राइव्ह नवा बनवल्यावर काम झालं.